काटा

एकेचाळीस अर्ज केले त्या वर्षी.
चार उत्तरं आली; त्यातल्या एकांना ड्रायव्हर हवा होता.
शेवटी स्वतःच गेले,
किसुमूच्या बस स्टँडामागे, टायरच्या दुकानावर,
'लोल्वे वार्ता'चा डुगडुगता जिना चढून.

ओगोला साहेबांनी गुणपत्रिका उघडलीच नाही.
"पाचला उठतेस?"
"उठेन."
"उठेन नको. उठतेस का?"

अशी लागले कामाला. पगार नाही,
मटाटूचं भाडं तेवढं, तेही मागितल्यावर.
पहाटे धक्क्यावर जायचं,
तिलापिया काय भाव, नाईल पर्च काय भाव,
ओमेनाचा डबा केवढ्याला.
पान सहा, खालचा कोपरा, चार ओळी, नाव नाही.
वर्गातला ओबुया नैरोबीहून फोटो पाठवायचा,
मंत्र्याच्या तोंडाशी माइक धरलेला.
मी त्याला एकदा माशाचं डोकं पाठवलं.

तिसऱ्या आठवड्यात रिस्पर,
नवऱ्यामागे होडी चालवणारी,
जाळं सोडवता सोडवता, वर न बघता म्हणाली,
"भाव लिहितेस रोज.
वजन कोण लिहिणार?"

घशात माशाचा काटा अडकावा
तसं ते वाक्य. उगालीचे मोठे घास गिळून पाहिले.
गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साखरेचं किलोचं सीलबंद पाकीट
व्यापाऱ्याच्या काट्यावर ठेवलं.
आठशे ऐंशी.

पळत जिना चढले. वाटलं, साहेब उभे राहतील.
ते बसूनच.
"किती वेळा ठेवलंस?"
"एकदा."
"आणि दुकानदाराचाच काटा खोटा असला तर?
व्यापाऱ्याला विचारलंस?"

विचारायचं. तेच राहिलं होतं.

पाच पहाटा. तीन दुकानांची तीन पाकिटं.
आठशे ऐंशी, आठशे पंच्याहत्तर, आठशे ऐंशी.
सहाव्या दिवशी वही छातीशी धरून
ओमोलोसमोर उभी राहिले.
तो ओरडला नाही.
"सरोवराची हवा. लोखंड गंजतं," म्हणाला. "लिही तसं."
मी तसंही लिहिलं.

छापून आलं. पान सहाच.
'आमच्या वार्ताहराकडून.'
त्यातलं 'आमच्या' वाचत बसले मटाटूत
आणि दोन थांबे पुढे गेले.

सोमवारी धक्क्यावर नवा काटा, निळा, चकचकीत.
किलो म्हणजे किलो.
आणि भाव तीनशे तीसवरून दोनशे नव्वदवर.
रिस्परच्या हातात पैसे पडले ते
जवळजवळ गेल्या सोमवारएवढेच.
तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही,
सामान ठेवण्याआधी काट्याकडे बघतात तसं,
शून्यावर आहे ना.

वही उघडली. तारीख घातली.
आजचा भाव, शेजारी मागचा,
आणि खाली, कुणी न सांगता, ओमोलोला विचारायचा प्रश्न.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. गोल शिक्का,
आणि 'अपोंडी'चं 'अपोंडो'.
"नाव विचारायचं राहिलं का साहेब?"
त्यांनी पेन काढलं, दुरुस्त केलं,
दुरुस्तीशेजारी सही केली, तारखेसकट.

साखरेची पाकिटं कपाटातच ठेवून आले,
तिन्ही, सीलबंद.
पुढच्या मुलीला लागतील.