एक कोरा पुठ्ठा

म्याकलांच्या शंभरीची चादर विणायची आहे,
भिंतीवर टांगायची, पांघरायची नाही.
ग्राफ माझ्याकडे. पुठ्ठे मीच पाडतो,
वडील पाडायचे त्याच ठोक्यानं.
भोक असेल तिथं दोरा उठतो,
नसेल तिथं खालीच राहतो.

सगळ्यात वर येल्लय्या.
करीमनगराकडून चालत आला, डोक्यावर फणी न् धोटा.
त्याच्या नावातला जोड य फार दोरे खातो.
त्याच्याखाली राजमल्लू, अशोक चौकातला पहिला पॉवरलूम;
रिक्षावाले अजून त्याच्या नावानं थांबा सांगतात.
मग मार्शल लॉमध्ये फटके खाल्लेला नरसय्या,
ज्यानं पेन्शनच्या फॉर्मची सुरळी करून विडी पेटवली.
दाजी पेठेतल्या डॉक्टरीणबाई अंबुबाई;
अर्धा पूर्वभाग त्यांच्या हातावर पहिलं रडला,
मीपण.
आणि नगरसेवक व्यंकटेश. त्यांचा निरोप आहे,
"आमचं नाव जरा ठळक येऊ दे बे."

शेवटच्या ओळीत मॉन्ट्रियलचा श्रीहरी.
फोनवर सांगतो, इथं बर्फ आहे न् फ्रेंच आहे.
चहूकडं इंग्रजी, पण दार लावलं की यांची ती यांचीच,
पिढ्यान् पिढ्या धरून बसलेत.
"आपल्यासारखंच की काका,
बाहेर मराठी, चुलीपाशी तेलुगू."
मी म्हणालो, हे जेकार्डपण त्यांच्याच मुलखातलं ना?
तो हसला. त्यांच्या पणज्यांच्या, म्हणाला.

काल दुपारी लच्चव्वा आली,
विड्यांचं सूप शेजारणीकडं ठेवून, चष्म्याला दोरी.
ग्राफवरनं बोट फिरवत खालपर्यंत गेली, परत वर आली.
"पोशन्ना कुटं हाय?"

पोशन्ना राजमल्लूचा धाकटा.
भावाच्याच कारखान्यासमोर
बोनससाठी सत्तावीस दिवस मांडवात बसलेला.
अठ्ठाविसाव्या सकाळी उठलाच नाही.
स्मरणिकेत तो नाही.
ग्राफमध्येही जागा नव्हती, तसं मी तिला दाखवलं,
चारशे ऐंशी हूक, सगळे भरलेले.
ती काही बोलली नाही.
माठातलं पाणी पिऊन गेली.

रात्री पुठ्ठे ओवताना
राजमल्लू आणि नरसय्याच्या मधे
मी एक कोराच ओवला.

चादर उतरली. आडवी एक रेघ, केसाएवढी,
उजेडात धरली तरच दिसणारी.
"फॉल्ट आहे," व्यंकटेश म्हणाले
आणि बिलातून तीनशे कापले.

हॉलमध्ये भाषणं चालू होती.
लच्चव्वा खुर्चीवर चढायला निघाली,
पोरांनी दंडाला धरून खाली बसवली.
तिला म्हणे
तिथली धूळ झटकायची होती.