प्रश्न अकरावा

ब्रसेल्सहून कुण्या वकिलांची प्रश्नावली आली आहे.
तेवीस प्रश्न, उत्तरं ऐच्छिक. अकरावा असा:
तुमचा गेम विकायला तुम्हाला दुसरी जागा उपलब्ध आहे का?
खाली दोन चौकोन. होय, नाही.

मी होयवर खूण करते. मग पुसते.

तार्तूत सकाळचे नऊ, नदीवर वाफ.
लेम्बित बाजारात गेलाय, खारवलेल्या काकड्या आणायला.
या खोलीत आम्ही दोघांनी चार वर्षं लावून
एक सरोवर गोठवलं,
त्यावर एक म्हातारा बसवला, बर्फाला भोक पाडून
गळ सोडून बसलेला.
एवढाच गेम. मासा लागतो किंवा लागत नाही.
बर्फ तडकल्याचा आवाज मात्र खरा आहे,
फेब्रुवारीत पेइप्सीवर पालथं पडून टिपलाय मी तो,
कान सुजेपर्यंत.

तर, जागा आहेत.
एक दुकान दर आठवड्याला गेम फुकट वाटतं:
लोक पंगतीला बसतात, जेवतात,
आहेर न करता निघून जातात.
दुसरं एक, माल कुलूप न घालता देणारं,
सज्जन दुकान,
गर्दीही सज्जनांइतकीच.
आणि आमचं घरचं पान,
लेम्बितनं एका रविवारी उभं केलेलं.
तिथे अडत नाही, शंभरातले जवळपास शंभर आमचे.
वर्षभरात अकरा प्रती गेल्या,
त्यातल्या तीन लेम्बितच्या मावशीनं घेतल्या.
तिच्याकडे कॉम्प्युटर नाही.

आणि मग ते.
आमच्याकडची जुनी माणसं लांडग्याचं नाव घेत नसत,
नुसतं 'तो रानातला' म्हणत,
तसंच आम्ही गेम करणारे म्हणतो, 'तिथे टाकलास का?'
तिथे पहिल्याच रात्री सव्वाचारशे.
भवानी केली रेसिफेतल्या कुणीतरी,
मागोमाग पुसान, मग दोन प्रती इर्कुत्स्कला,
जिथे खरा बर्फ आहे, तरी आमचा घेतला.
शंभरातले तीस त्यांचे. कापूनच हातात येतात,
त्यामुळे दुखत नाही,
दुखतं ते हिशेब मांडताना.

माइमू बाजारात धुरावलेला मासा विकते.
गाळ्याचं भाडं वाढलं तेव्हा ती वर गेली
आणि मुकादमाला त्याच्या आईच्या नावानं झापून आली.
मी कुणाला झापू?
एक फॉर्म आहे. फॉर्म सुरेख आहे.

वकिलांना हवं असणार की मी म्हणावं, दारं बंद आहेत.
पण सगळी सताड उघडी आहेत, वारा येतो त्यातून.

कोल्क्याच्या रस्त्यावर शरदात
घराघरापुढे कांद्याच्या माळा टांगतात.
तोच कांदा, तीच माती, भावही तोच.
गाड्या मात्र थांबतात
जिथे आधीच एक गाडी थांबलेली असते.
मी फेदोस्याला विचारलं होतं, शेजारणीचं काय?
ती म्हणाली, 'मी काय त्यांना चाकाला धरून थांबवते?'
आणि एक माळ जास्त दिली.
कांदा चांगला होता, हेही लिहायला हवं.

शिवाय, काल रात्री.
रीगाच्या गुंतार्सनं तीन वर्षं खपून केलेला गेम
सवलतीत होता, साडेचार युरो.
त्याचं स्वतःचं पान मला ठाऊक आहे,
तिथे घेतला असता तर त्याच्या खिशात पूर्ण पडले असते.
मी तिथे गेलेही.
नाव, पत्ता, कार्डाचे आकडे, नवा पासवर्ड...
आणि तिकडे माझे दोनशे सहा गेम एका फळीवर,
निम्मे न उघडलेले,
माझे तास कुणीतरी मोजून ठेवलेले,
मैत्रिणींची नावं हिरवी पेटलेली.
एक टिचकी. झालं.
गुंतार्सला मी लिहिलं, 'घेतला बरं का.'
कुठून, ते नाही लिहिलं.

असं सगळं त्या चौकोनात मावत नाही.

जिन्यात पावलं. लेम्बित बरणी टेबलावर ठेवतो,
बोटांना बडीशेपेचा वास.
कुणाकडून आणल्यास?
'बघितलं नाही,' तो म्हणतो,
'जिथे रांग होती तिथून.'