उतरतानाच्या तारा

पाटीवर लिहिलंय, पुरुषांना प्रवेश नाही.
म्हणून निसारभाई घड्याळवाले
पायरीखालीच उभे, हातात बुटाचा खोका,
आणि आत अर्ध्याच भुवईवर थांबलेल्या तलाठी मॅडम
आरशातूनच विचारतात, कोण आलंय ओ?

स्टेशन रोडचं त्यांचं दुकान आता
फक्त सेल बदलतं.
सेलूत चावीचं घड्याळ उरलं नाही
त्यांच्या स्वतःच्या मनगटाशिवाय.

खोक्यात विमान. वीतभर. एकावर एक दोन पंख,
बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद,
चाकांच्या जागी लेडीज घड्याळाच्या तबकड्या.
एकास अठ्ठेचाळीस, ते म्हणाले,
जसं काही मी वय विचारलं होतं.

"सब हुआ बेटी, बस तारां रह गए."
आणि हात पुढे केला.
सेल संपत आलेल्या घड्याळाचा काटा
जागच्या जागी उडतो, तसा तो हात.
गावात ताण कळणारी बोटं तुझीच,
असं बिल्किसबी म्हणाली म्हणे.

माझा सुती दोरा चालेना.
त्यांच्या भिंगातून पाहिला तर चऱ्हाट, वर कुसळं.
दुधनेवरच्या भोयाकडून तंगूस आणली,
ती वळायची, आपल्या रिळाची सवय धरून.
मग माझ्या केरसुणीत अडकलेला एक केस
त्यांनी चिमटीत उचलला, भिंग डोळ्याला लावलं
आणि बराच वेळ बोललेच नाहीत.

तो आम्रपालीचा. खिल्लाऱ्यांच्या.
आदल्या दिवशी कमरेएवढे कापून गेली होती,
पोलीस भरतीसाठी.
आठशे मीटरला वेणी पाठीत चाबकासारखी बसते, म्हणाली.
मी पैसे घेतले नाहीत. तिनं केस मागितले नाहीत.
वजनावर केस नेणारा अजून यायचा होता.

सोमवारी पार्लर बंद, तेव्हा बसायचो.
शटर अर्धं वर. स्टुलावर बिल्किसबी, लसूण सोलत.
केसाचं एक टोक माझ्या दाताखाली, दुसरं सुईत,
सुई वरच्या पंखाच्या भोकात,
तिथं मोहरीएवढा गोंद.
आणि श्वास धरायचा.
वीस वर्षं तेच करते मी,
कुणाच्या तरी डोळ्याच्या इतक्या जवळ.

ते हात पाठीमागे बांधून सांगायचे:
ही पोटाकडून वर जाते ती उडतानाची तार.
हवेत सगळा भार हिच्यावर,
नाहीतर पंख वरच्या वर उचकटतील.
आणि ही वरून खाली येते, ती उतरतानाची.
विमान नुसतं जमिनीवर उभं असतं ना,
तेव्हा पंख हिनं धरलेले असतात.

उभं राहायला पण तार लागते?

ते काही म्हणणार, तेवढ्यात बिल्किसबीनं
सालीवर फुंकर मारली
आणि विमान टेबलावर अर्धं फिरलं.
"फूंक नक्को मारो!"
त्या आवाजात मी एक केस तोडला.

डावीकडचा एक सैल राहिला होता.
तंगूस असती तर उदबत्तीच्या धगीनं आवळली असती.
केस जळतो. मला माहीत होतं, तरी नेली उदबत्ती जवळ.
वास आला. गेला तो सोमवार.

आठ सोमवार, चोवीस केस.
विमान आता दुकानात टांगलंय,
वेगवेगळ्या वेळी थांबलेल्या भिंतीसमोर.
दमट दिवसांत तारा किंचित लांबतात, केसच ते.
मे महिन्यात इतक्या ताठ
की निसारभाई पंख्याचं बटण दाबत नाहीत, घामात बसतात.

आम्रपाली परवा आली.
ग्राउंड निघालं होतं, लेखीत चार मार्कांनी राहिली.
केस कानापर्यंत आलेले.
"ताई, पुन्हा बारीक करा. जागा निघायल्यात जानेवारीत."
मी कात्री घेतली.
चल, तुला एक गंमत दाखवते, असं ओठावर होतं,
पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं, पाचची बस.

ती गेल्यावर झाडून घेतलं.
बोटभर बोटभर केस,
कुठल्याच पंखाला पुरायचे नाहीत.
कागदात बांधून ठेवले तरी.