पाय टेकायचा नाही

राजय्या यंगल गेला तेव्हा
त्याच्या सोळा मागांना आठवड्यात गिऱ्हाईक मिळालं.
उरली ही.
बाचक्यांखाली आडवी, टाकीवरचं नाव गंजानं खाल्लेलं,
सीट म्हणून वीतभर पट्टी.
"बसायची गाडी नव्हे बे ही," त्याचा तिरुपती म्हणाला,
"उभं राहून चालवायची. किलोवर घेऊन टाक."
मी किलोवर घेतली.
अठ्ठ्याऐंशी भरली. काटा भंगारवाल्याचा,
म्हणजे नव्वदच्या वर धरा.

शर्यत म्हणावी तर ही शर्यत नाही.
कुणी कुणाच्या पुढे जात नाही.
दगड असतात, ओढ्याचा काठ, दोन बाभळींमधून वळण,
आणि वही घेऊन उभा एक माणूस.
पाय टेकला, एक.
थांबलास, पाच.
काहीच लिहावं लागलं नाही तर शून्य,
आणि शून्यवाला जिंकतो.
खटखटाटात आयुष्यभर ओरडून बोललेल्या राजय्याला
इतका सावकाश खेळ कुणी शिकवला, घरात कुणाला माहीत नाही.

कार्ब्युरेटर उघडला, आत कुंभारमाशीचं घर.
पिस्टन जाम. डिझेल ओतून आठ दिवस ठेवला.
रिंगा हुबळीहून, कुठल्याशा पंपाच्या, घासून घासून.
कॉइल साखर पेठेतल्या पंखेवाल्यानं गुंडाळली,
देताना म्हणाला, "हळू फिरला तर घेऊन या."
टूलबॉक्समध्ये घडी घातलेला एक कागद होता,
राजय्याच्या हातचे आकडे:
पाच, पाच, तीन, पाच.
मी तो परत तिथंच ठेवला.

किकचं दातेरी चाक मात्र मिळेना.
तेरातले पाच दात गेलेले.
पुणे झालं, हैदराबाद झालं,
मग कळलं, मिरजेत एका निवृत्त फोरमनकडे आहे.
त्यानं चहा दिला. फडकं सोडलं. चाक टेबलावर ठेवलं.
"विकायचं नाही. बघा."
त्याची गाडी कधीच गेली होती, चाक राहिलं होतं.
का, ते मी विचारलं नाही.
वहीचा कागद मागितला, चाकावर धरला,
शाळेत नाण्यांवर घासायचो तशी पेन्सिल आडवी घासली.
एकेक दात वर आला.
तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला,
"मलापण एक काढून द्या."

एमआयडीसीत मौलालीनं कागद उन्हात धरला.
"हे तर मागाचं चाक दिसतंय की हो!"
आणि खरंच, भंगारात मागाचं एक सापडलं,
दात जुळले, बुश घालून बसलंही.
गोष्ट इथं संपली असती तर सांगायला बरी झाली असती.
पण बीड ते. तिसऱ्या किकला तडकलं.
मग मौलालीनं ट्रकचा मोडका ॲक्सल लेथवर चढवला,
आणि दोन रविवार माझ्याशी बोलला नाही.

मे महिन्यात, भर दुपारी, ती बोलली.
निळा धूर शेजारच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेला.
त्या चार चादरी मला विकत घ्याव्या लागल्या,
अजून वापरतोय.

हिप्परग्याच्या तळ्याकाठी तिरुपती आला,
हातात दुकानाची वही.
मी गेलो. त्यानं मोजलं: एकोणीस.
"बापाच्या वरताण," म्हणाला, म्हणजे कागद त्यानं पाहिला होता.
मग वही माझ्याकडे दिली आणि स्वतः चढला,
आयुष्यात पहिल्यांदा, चप्पल घालूनच.
दहा फूट गेला. दगडावर पुढचं चाक चढलं,
गाडी कलली, अजून कलली,
मी ओरडलो, "टेक, टेक पाय!"
टेकला नाही.
हात टेकले, खांदा टेकला, गाल मातीत टेकला,
दोन्ही पाय हवेत तसेच.

क्लचचा दांडा वाकला. तोही आता शोधणं आलं.
पेन उघडून मी उभा आहे,
आणि तिरुपती खालूनच विचारतोय,
"किती लिहिलं?"