गुंजभर

फेब्रुवारीत साप्पोरोचं बर्फ आमच्या काचेच्या
अर्ध्यापर्यंत चढतं,
म्हणून गिऱ्हाइकाची आधी टोपी दिसते,
माणूस नंतर.

इवाकिरी-सान तसेच आले.
काळा लोकरी कोट, कॉलर कानाला टेकलेली,
हेडफोन रुमालात गुंडाळलेला,
आजारी मांजर आणावं तसा.

"चौतीस वर्षं मी बाजारातले तराजू तपासले," ते म्हणाले,
"मासळीवाल्यांची वजनं, सोनारांचे काटे.
मापातलं पाप मला लांबून कळतं.
सांगा, ही चांदीची तार
अडतीस हजार येनला
तांब्यापेक्षा नेमकं काय जास्त तोलते?"

कुरोनुमा मालक असते तर म्हणाले असते :
मखमली. पारदर्शक. खोल.
गल्ल्याखाली एक वही आहे,
तीत अशी विशेषणं लिहून ठेवलीत,
किमतीच्या चढत्या क्रमानं.
पण मालक दाढ काढायला गेले होते
आणि मी नुसती डाग देणारी बाई,
बारा वर्षं राळेचा धूर नाकात,
अंगठ्यावर पाच डाग, तेही मोजलेले.
मी म्हटलं, विजेला रस्ता लागतो,
गालिचा नाही.
आणि मग वाटलं, हे काय बोलून बसले,
माझा पगार तर गालिच्यावरच चालतो.

ते म्हणाले, "तोलून बघू."

त्यांनी डोळे मिटले. मी वीस वेळा
हेडफोन काढला, परत चढवला,
कधी तार बदलली,
कधी नुसता बदलल्याचा आवाज केला.
तोच चेलो, तेच एक मिनिट.
तार मी हातात उचलून धरलेली,
सलाइन धरतात तशी,
आणि त्यांचे ओठ
काटा मध्यावर यायची वाट बघणारे.

बरोबर अकरा, चूक नऊ.
"नाणं उडवलं असतं," ते म्हणाले,
"तर चहा प्यायला वेळ उरला असता."
गुंजभरही फरक नाही.
नोंद करायला ते वहीकडे वाकले,
माझ्या हातून तार सुटली,
कॉलरवर पडली.

खस्स.

"हे काय?"

त्यांनी मान डावीकडे नेली. खस्स.
उजवीकडे. खस्स.
चेलोच्या पोटात कुणीतरी
पोतं ओढत नेतंय.
त्यांची जुनी रबरी तार ही, अकरा वर्षांची.
"म्हणजे हा वादक श्वास घेत नव्हता,"
ते म्हणाले, "तो माझा कोट होता."
आणि कितीतरी वेळ
काहीच बोलले नाहीत.

मग आम्ही तारा लोकरीवर घासून पाहिल्या,
दोघंही गुडघ्यांवर, दुकान बंद असल्यासारखे.
चांदीची, कडक चकचकीत आवरणातली : खर्र.
सगळ्यांत वाईट.
खालच्या खोक्यातली सुती विणीची,
बाराशे येन,
कुणी मागत नाही म्हणून धूळ बसलेली :
जवळजवळ काहीच नाही.
मोजे घालून कुणी
रात्री पाणी प्यायला उठावं, एवढंच.

त्यांनी ती घेतली. सुटे मोजून दिले.
मालक परतले, गाल सुजलेला,
बोलता येत नव्हतं, त्यामुळे
मला काय म्हणाले ते मी ऐकलंच नाही.

एप्रिलमध्ये बर्फ तपकिरी होऊन गटारात गेलं.
इवाकिरी-सान आले, या वेळी पायापासून दिसले.
अंगात पातळ सुती सदरा.
"आता तिन्ही सारख्याच," म्हणाले.
परत करायचीय का?
"छे. नोंद अपुरी राहिली होती."
तारीख टाकली, हवामान लिहिलं, गेले.

चांदीची अजून काचेत टांगलेली आहे.
काल शटर ओढल्यावर मी ती जोडली,
दुसरं टोक मोकळंच ठेवलं,
स्वेटर अंगात होता.
मान हळू वळवली.

खर्र.

माझ्याच हातची तार. डाग पक्का बसलाय,
हे ऐकून नाही कळत, पण मला ठाऊक आहे.
वही काढून पाहिली.
या आवाजाला तीत विशेषण नाही.