कूलर चालू राहू द्या

संचारबंदी उठून अठरा दिवस झाले होते.
रिक्षावाला गांधीबागेच्या अलीकडेच थांबला,
"इथून पायी जा मॅडम, आत नाही येत मी."
माझ्या पिशवीत फॉर्म. बारा प्रश्न, चार रकाने:
अजिबात नाही, कधीकधी, बरेचदा, जवळजवळ रोज.

दुर्पता हेडाऊंच्या खोलीत
कूलर एवढा गर्जत होता
की माझाच प्रश्न मला ऐकू येईना.
म्हटलं, पाच मिनिटं बंद करायचा?
तिनं बटण दाबलं.
मग तिला झोप चांगली लागत होती,
भूक चांगली, पोरं चांगली,
भीती? कशाची मॅडम?
बारा खुणा, एका सरळ रेषेत.
इतकी सरळ रेष मी एकदाच पाहिली होती,
मेडिकलच्या वॉर्डात, आई गेली त्या रात्री,
हिरव्या पडद्यावर.

दाराशी चपला घालताना
तिचा धाकटा बादलीनं कूलरात पाणी ओतत होता.
"तुमी कूलर बंद केला न. म्हणून."
"म्हणून काय रे?"
"भिंत पातळ आहे. तिकडे ऐकू जाते."

शांत जागा निवडा, असं शिकवलं होतं आम्हाला,
पुण्याच्या एका थंडगार सभागृहात,
चहासोबत दोन बिस्किटं देऊन.
शांतता इथे भिंतीला कान लावून बसलेली असते
हे त्या पुस्तिकेत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी मीच म्हटलं,
राहू द्या चालू. वाढवा जरा.
ओल्या वाळ्याच्या वासात
तिनं तोंड माझ्या कानाशी आणलं.
"मोठा त्या रात्री दहाले आला.
हाताले रॉकेलचा वास.
काहीच नाही विचारलं मी.
साबण देला फक्त."
आणि मग, बऱ्याच वेळानं,
कूलरच्या जाळीकडे बोट दाखवून,
"या ताट्या बी त्याईच्याच दुकानातल्या.
दोनशे कमी घेतले होते भाभीनं."

ज्यांचं दुकान, त्या हबीबा आपा भिंतीपलीकडे राहतात.
भिंत चार इंचांची.
वळसा अकरा मिनिटांचा,
चौकातून, पोलिसांच्या तंबूवरून,
जळालेल्या ताट्यांच्या त्या काळ्या चौकोनावरून,
जिथे आता कोणी हातगाडीसुद्धा लावत नाही.

आपांनी मला पाणी दिलं, रूहअफजा दिलं,
कूलर आधीच चालू होता.
त्या दुकानाबद्दल बोलल्या नाहीत.
सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलल्या,
वीजबिलाबद्दल,
गुडघ्याबद्दल.
मी फॉर्म काढलाच नाही.
निघताना त्या सहज म्हणाल्या,
जसं कुणी शेजाऱ्यांची तक्रार सांगावी,
किंवा सांगू नये,
"त्या रात्री त्यांच्या इकडचा नळ
बहुत वेळ चालला."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.
त्या पदरानं टेबलावरचा ग्लासाचा ओला गोल पुसत होत्या.
मला अजून माहीत नाही
त्यांना काय माहीत आहे.

ऑफिसात सर विचारतात, फॉर्म किती भरले?
एक, म्हणते मी. आणि तो खोटा आहे.
ते चष्म्यावरून बघतात.
शेऱ्याच्या जागी काय लिहू?
दोन्ही घरी कूलर चालू,
पाणी भरत राहावं लागतं?

रात्री त्रिमूर्तीनगरच्या माझ्या खोलीत
मी नळ सोडते, हात धुते,
आणि ऐकते, किती वेळ धुतेय.
शेजारच्या काकूंनाही ऐकू जात असेल.
माझ्याजवळ एक वाक्य अलीकडचं,
एक पलीकडचं,
आणि दोन्ही कुणालाच द्यायची नाहीत
असा मी शब्द दिलाय, दोन वेळा, दोन खोल्यांत.

काल धाकट्यानं विचारलं,
भिंतीला खिळा ठोकला तर तिकडे निघेल का?
मी म्हटलं, कशाला?
तो म्हणाला, असंच.

जूनच्या मध्यावर या शहरातले कूलर बंद होतात.
ताट्या काढून गच्चीवर टाकतात,
आणि घराघरातून एकदम
सगळ्यांचं सगळं ऐकू येऊ लागतं.

तोवर माझ्याकडे सात मंगळवार आहेत.