उंबरठ्याच्या खाली

काहीही करायचं नाही, मिस्टर हेस्लॉप.
फुलीकडे बघायचं. झोपायचं नाही.
आठ मिनिटं.

यंत्र ठोकत राहतं.
ते बिचकत नाहीत; एकतीस वर्षं
वॉल्सएंडच्या गोदीत वेल्डिंग केलंय.
मार्चमध्ये झटका आला
आणि नामं तेवढी वाहून गेली, क्रियापदं उरली.
चहाला म्हणतात, 'ते, ढवळायचं.'
बायकोला, 'येते ती.'

मी त्यांच्या मेंदूचे नव्वद तुकडे करते.
प्रत्येक तुकडा एक ठिपका.
दोन ठिपके एकदम उजळले, एकदम विझले
की त्यांच्यात एक रेघ.
मध्ये तार असेलच असं नाही,
हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी बजावते.

मग चाळण.
शून्य पूर्णांक तीनच्या खालच्या रेघा पुसायच्या.
या आकड्याला आपल्याकडे उंबरठा म्हणतात,
आणि मला दर वेळी
दारात चपला काढणारं कुणीतरी दिसतं,
ज्याला आत ये म्हणायचं राहून गेलं.

चित्र स्वच्छ झालं.
डाव्या कानाच्या वर भोक.
त्याला वळसा घालून, पार उजवीकडून
येत होती एक रेघ: शून्य पूर्णांक एकोणतीस.
पुसली.

बाहेर मॉरीन
पार्किंगच्या तिकिटाच्या घड्या घालत बसलेली.
तिच्यासाठी माझ्या तक्त्यात रकाना नाही.
घरी कसे जाणार? मी विचारलं.
'ओलांडायचं,' ते म्हणाले.
'कुठला?' ती म्हणाली. 'सात आहेत, रॉनी.'

आमचं शास्त्र निघालं तेच
सात पुलांच्या एका कोड्यातून.
ते गाव वेगळं होतं, मध्ये बेटं होती.
इथे नुसते दोन काठ, न्यूकॅसल आणि गेट्सहेड;
सातही पूल एकेकदाच ओलांडले
तर माणूस पलीकडेच राहतो.
घरी यायचं तर
एखादा पुन्हा ओलांडावाच लागतो.
हे मी बोलले नाही.

ते छताकडे बघत होते.
तिकिटाची घडी थांबली.
'स्विंग,' ते म्हणाले.

जहाजासाठी जो बाजूला फिरायचा, त्या पुलाचं नाव.
हल्ली फिरत नाही म्हणे.
क्रियापद म्हणून म्हणाले की नाम म्हणून, कळायला मार्ग नाही.
मॉरीनने विचारलं नाही.
तिने त्यांच्या कोटाची बटणं लावली, एक चुकीच्या काजात.

रात्री फाइल उघडली.
उंबरठा हलवला नाही; तसं करत नसतात.
वहीच्या समासात, पेन्सिलने,
तारीख घातली
आणि तो एक शब्द.